वीस गाड्यांचे पेशकार

पेशकारांनी माझ्यादेखत कोणाकडून कधी रोख पैसा घेतला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते खरे आहे, आणि पुढचे वाचून कोणी त्यांना साधा लाचखाऊ समजू नये. साधे लाचखाऊ मी पुष्कळ पाहिले. त्यांच्याबद्दल लिहावे असे मला कधी वाटले नाही.

निजाम सरकारच्या अमलात बीड जिल्ह्यातल्या एका तालुका कचेरीत मी पाच वर्षे कारकून होतो. तालुक्याचे नाव लिहीत नाही. पेशकारांची नातवंडे तिथे अजून राहतात. पेशकारांचे नावही बदलून नरहरराव केले आहे. तहसीलदारांच्या हाताखालचा पहिला माणूस म्हणजे पेशकार. तहसीलदार दर दोन-तीन वर्षांनी बदलत. नरहरराव मात्र एकोणीस वर्षे त्याच गादीवर होते, त्यामुळे तालुका कोण चालवतो हे कोणी विचारत नसे.

उंच, किंचित वाकलेले, कपाळावर बारीक गंधाची रेघ. बोलणे हळू. चिडले की आणखी हळू. सही करण्यापूर्वी कागद डोळ्यांजवळ नेऊन शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचे. "वरून वाचलं की माणूस अर्थात वाहून जातो, चूक दिसत नाही," असे म्हणत. मी ती सवय त्यांच्याकडून उचलली आणि माझ्या दुकानाच्या कामात तिचा आजवर उपयोग होतो. दौऱ्यावर ते कोणाच्या घरचे पाणी पीत नसत. तांब्याची चरवी आणि सुपारीचा बटवा स्वतःचा. एखाद्या पाटलाने ताकाचा गडवा पुढे केला, तर हात जोडून म्हणायचे, "सरकारी माणसानं गावचं मीठ खाऊ नये. मग बोलायला जीभ राहत नाही."

त्यांच्या हातात एक काम असे होते की त्याला गावेच्या गावे भीत. मोठे साहेब दौऱ्यावर निघाले की त्यांचे डेरे, खाटा, भांडी, दप्तर, शिकारीचे सामान, सगळे एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला न्यायला गाड्या लागत. आमच्याकडे तो आकडा ठरलेला होता, वीस. वीस गाड्या, चाळीस बैल, वीस गाडीवान. तीन दिवस, कधी पाच. भाडे कागदावर होते. गाडीवानाच्या हातात पडलेले मी पाहिले नाही. याला लोक वेठ म्हणत. कोणत्या गावच्या कोणी गाडी द्यायची ती यादी नरहरराव करत आणि तिची साफ नक्कल मी करत असे.

पहिल्याच दौऱ्यात मी त्यांचा एक प्रकार पाहिला. छावणीसाठी आसपासच्या गावांतून कडब्याच्या तीनशे पेंढ्या आल्या होत्या. मुक्काम हलला तेव्हा एकेचाळीस उरल्या. कचेरीचा चपराशी शेख करीम, मोठा गमत्या माणूस, त्याने त्यातली एक हळूच बाजूला ओढली. त्याच्या घरी एक शेळी होती.

"करीम," पेशकार हळू आवाजात म्हणाले, "ती ठेव."

"एकच तो है साब. शेळी दुवा देगी आपको."

"ती पेंढी रयतेची आहे. शेळीला दुवा द्यायची असेल तर तिनं तुझ्या पगारातून खावं."

एकेचाळीस पेंढ्या मोजून ज्या त्या गावाला परत गेल्या. पावती घेतली. मी तरुण होतो, मला वाटले, आपल्याला देवमाणूस भेटला. करीम माझ्याकडे बघून नुसता हसला. "मुनशीजी, अभी नये हो," म्हणाला.

काय ते पुढे कळले. पेशकारांच्या घरी तूप यायचे. गूळ यायचा, हुरड्याच्या दिवसांत हुरडा, आंब्याच्या दिवसांत पाटीभर आंबे, एकदा दुभती म्हैस आली. आणून देणारा माणूस कचेरीत कधी यायचा नाही. तो थेट घरी जाई, पेशकारांच्या पत्नीला "वहिनीसाहेब, आमच्या मळ्यातलं आहे" असे सांगून ठेवून जाई. पुढच्या यादीत त्याचे नाव नसे. पेशकारांनी मागितलेले कोणी ऐकले नव्हते.

एकदा मी धीर करून विचारले. विचारले असे म्हणणेही जास्त होईल. म्हशीबद्दल काहीतरी बोललो. त्यांना राग आला नाही. लेखणी खाली ठेवून त्यांनी मला समजावले, जसे एखाद्याला त्रैराशिक समजावतात.

"हे बघा, घर बायकोचं. तिथं काय येतं, काय जातं, मी विचारत नाही. आता यादी. सरकारला वीस गाड्या पाहिजेत. मी एकविसावी मागवतो का?"

"नाही."

"एकोणीस मागवून सरकारला फसवतो का?"

"नाही."

"मग? ओझं जेवढं आहे तेवढंच आहे. मी फक्त खांदा बदलतो. कोणाच्या तरी खांद्यावर ते जाणारच होतं. आणि गरिबाकडून मी तांब्याभर पाणीसुद्धा घेत नाही, हे तुम्ही बघताच."

मला उत्तरे बोलण्यात सुचत नाहीत, आकड्यांत सुचतात. घरी जाऊन मी एका रद्दी कागदावर हिशेब मांडला. आमच्या हलक्यात, म्हणजे यादीत येणाऱ्या गावांत, बैलजोडी आणि गाडी असलेली घरे अडुसष्ट. वर्षाला सरासरी चार दौरे, म्हणजे ऐंशी गाड्या. पाळीने गेले तर प्रत्येक घराला वर्षाकाठी एक खेप, फार तर दोन. पण जुन्या याद्या चाळल्या तेव्हा दिसले की एकतीस घरांची नावे तीन वर्षांत एकदाही आलेली नाहीत. म्हणजे ऐंशी गाड्या उरलेल्या सदतीस घरांतून. आणि ही सदतीस घरे कोणती? ज्यांच्याकडून पेशकारांनी कधीच काही घेतले नव्हते ती. ज्या गरिबाचे पाणी ते पीत नव्हते, त्याचाच बैल वर्षातून दोनदा, तीनदा, कधी पाच वेळा घाट उतरत होता.

तो कागद मी कोणाला दाखवला नाही. यादीची नक्कल करत राहिलो.

पेशकारांचा आणखी एक गुण सांगायला हवा. ते शब्दाचे पक्के होते. इतर कचेऱ्यांत घेऊनही काम न करणारे, दोघांकडून घेऊन तिसऱ्याचे करणारे असे पुष्कळ होते. त्यांच्याविषयी नरहरराव तिरस्काराने बोलत. "घेतलं की बांधला गेला माणूस. तिथं मागं फिरणं म्हणजे बेइमानी." आपण बेइमान नाही याचा त्यांना फार आधार होता. गणपा तेल्याचे जे झाले ते यातूनच झाले.

त्या वर्षी हिवाळ्यात गुरांत खुरांची साथ आली. सदतीस घरांतले पुष्कळ बैल लंगडत होते. त्यातच दुय्यम तालुकदारांचा, म्हणजे तहसीलदारांच्या वरच्या साहेबांचा, दौरा ठरला, धारूरला मुक्काम आणि मग घाट उतरून खाली माजलगावकडे. पेशकारांनी ओढूनताणून एकोणीस गाड्या जमवल्या. विसावी मिळेना.

मी म्हणालो, "देवळाजवळच्या पाटलांच्या गोठ्यात तीन जोड्या आहेत. साथ तिकडं पोचलेली नाही."

"पाटलांना शब्द दिलेला आहे."

"एवढ्या वेळेपुरतं..."

"शब्दाला वेळ नसते," ते म्हणाले. मग त्यांनी पाटलांना बोलावून मधला मार्ग काढला. पाटलांनी आपली एक जुनी गाडी द्यायची आणि एक म्हातारा बैल. जोडीचा दुसरा बैल कुठून तरी बघायचा. पेशकारांनी गावाची गुरांची नोंद काढली. त्यात एकेरी बैल असलेली घरे शोधली. 'गणपा तेली, बैल एक' असे तिथे लिहिलेले होते. एवढेच. तो बैल काय काम करतो हे लिहायला त्या नोंदीत रकाना नव्हता.

गणपाचा तेलघाणा गावाच्या वेशीजवळ होता. आम्ही सगळे त्याच्याकडचेच करडीचे तेल खात होतो. घाण्याचा बैल म्हणजे काय हे तालुक्यातल्या कोणत्याही बाईला माहीत असते. डोळ्यांवर झापडे बांधून तो दिवसभर एका खांबाभोवती फिरतो. जन्मात त्याला सरळ रस्ता माहीत नसतो. पेशकारांनाही हे माहीत असणारच. पण नोंदवहीसमोर बसले की त्यांना जे कागदावर आहे तेवढेच दिसे, आणि त्याला ते काटेकोरपणा म्हणत.

नाव निघाल्याची कुणकुण गणपाला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तेलाचा बुधला घेऊन कचेरीत आला. घरी कसे जायचे, वहिनीसाहेबांना काय म्हणायचे, हे त्याला ठाऊक नव्हते. अशी कामे त्याने कधी केली नव्हती. सगळ्यांदेखत त्याने बुधला पेशकारांच्या बैठकीपुढे ठेवला.

"हे काय?"

"सायेब, त्याल हाय. निर्मळ हाय, आजच काढलं."

"कशाला आणलं?"

"माझा बैल न्हेऊ नका सायेब. त्यो घाण्याचा हाय. त्येला वाट ठावं न्हाई. सरळ चालतच न्हाई त्यो, उजव्या अंगाला वळतो. गाडीला कवा जुपलाच न्हाई म्या."

पेशकारांनी बुधल्याकडे पाहिले, मग गणपाकडे. गणपाच्या अंगावरची बंडी तेलाने काळी झालेली होती. पेशकारांचा चेहरा खरोखर मऊ झाला. मी शेजारी बसून पाहत होतो. त्यात ढोंग नव्हते.

"गणपा, हे उचल. घरी घेऊन जा. मी गरिबाचं घेत नाही."

"न्हाई सायेब, ठिवून घ्या."

"घेत नाही म्हटलं ना."

"कावून न्हाई घेत?" गणपा रडकुंडीला आला. "कमी हाय का? सांजच्याला आनखी एक आनतो. पाटलाचं तूप घेता, माझं त्याल कावून न्हाई? पाया पडतो सायेब, घ्या. तेवडं घ्या."

पाटलाचे नाव असे उघड कोणी घेतले नव्हते. पेशकार चिडले नाहीत. त्यांनी स्वतः उठून बुधला उचलला आणि गणपाच्या हातात दिला. तीनच दिवसांचे काम आहे, बैल सुखरूप येईल, असे म्हणाले. गणपा बुधला छातीशी धरून बाहेर गेला. दारात करीम उभा होता. नेहमी काहीतरी टोमणा मारणारा करीम त्या दिवशी एवढेच म्हणाला, "लौटा दिया ना गणपा? फिर नाम पक्का समज. घर जा के बैल कू चारा डाल."

दुपारी मी यादीची नक्कल केली. विसाव्या ओळीत गणपाचे नाव माझ्याच अक्षरात आहे.

संध्याकाळी पेशकार प्रसन्न होते. मला म्हणाले, "आज मनाला बरं वाटलं. दुसरा असता तर घेऊन मोकळा झाला असता."

धारूरपर्यंत गणपाने बैल कसाबसा नेला. झापडे काढलेली होती. उघड्या डोळ्यांनी तो बैल प्रत्येक झाडाला बुजत होता. गणपा गाडीवर बसलाच नाही, सगळी वाट वेसण धरून पुढे चालत राहिला. करीम दौऱ्याबरोबर होता, त्याने मला नंतर सांगितले ते असे. घाटाच्या तिसऱ्या वळणावर रस्ता डावीकडे वळतो आणि उजव्या अंगाला दरी आहे. पाटलाचा म्हातारा बैल वळला. घाण्याचा बैल आपल्या सवयीने उजवीकडे ओढत राहिला. गणपा वेसणीला लोंबकळला, हाका मारू लागला. गाडीत खाटा आणि लोखंडी मेखांची पोती होती. गाडी कलली. घाण्याचा बैल जुवासकट खाली गेला, पाटलाचा जुपणी तुटल्याने वर राहिला. गणपाचा डावा पाय चाकाखाली आला, म्हणून तो दरीत जायचा वाचला. करीमने आणि गाडीवानांनी चाक उचलले. गुडघ्याखाली हाडाचे तुकडे झाले होते.

दुय्यम तालुकदार भले गृहस्थ होते. परत येताना ते स्वतः गणपाच्या घरी थांबले. गणपा खाटेवर होता, त्याची बायको राही दाराला टेकून उभी. पेशकार हात बांधून एका बाजूला. गावात कुजबुज झालेली साहेबांच्या कानावर आली असावी. त्यांनी सरळ विचारले, "पेशकारने तुमसे कुछ लिया था?"

गणपा खोटे बोलणारा माणूस नव्हता.

"न्हाई सायेब. म्या त्याल देत हुतो. त्यांनी घेतलं न्हाई. परत केलं."

साहेबांनी पेशकारांकडे पाहून मान हलवली. पुढे पाटलांचे तूप, एकतीस घरे, काही निघाले नाही. कोणी काढले नाही. मीही तिथेच उभा होतो आणि तो हिशेबाचा कागद माझ्या घरी होता. चौकशीच्या कागदावर असा शेरा पडला की सदर अधिकारी गरीब रयतेकडून काही घेत नाही, हे खुद्द नुकसान झालेल्या इसमाने सांगितले. पाटलांना मोडलेल्या गाडीची भरपाई मंजूर झाली, कारण गाडीची किंमत यादीत लिहिलेली होती. बैलाची लिहिलेली नव्हती.

पेशकारांना वाईट वाटले नाही असे नाही. आठ दिवस ते कमी बोलत होते. मग त्यांनी करीमच्या डोक्यावर ज्वारीचे अर्धे पोते देऊन गणपाकडे पाठवले. स्वतःच्या घरातली ज्वारी होती. करीम ती तशीच परत घेऊन आला.

"राही बोलती, आता आमचं त्यांच्याकडं काही काम न्हाई. मग कावून घ्यायचं?"

कचेरीतले एक-दोघे हसले, कारण करीमने राहीचा आवाजही हुबेहूब काढला होता. पेशकारांनी पोते खाली उतरवून घेतले. मग मला म्हणाले, "माझ्याकडून मी दिलं. त्यांनी घेतलं नाही, यात माझा दोष राहत नाही." बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला, आणि त्या दिवसापासून ते पुन्हा पूर्वीसारखे बोलू लागले. ते हलके होताना मी पाहिले. एखाद्याच्या पाठीवरचे पोते दुसऱ्याने उतरवून घ्यावे तसे ते झाले होते, फक्त दुसरे कोणी तिथे नव्हते.

गणपाचा पाय वाकडाच जुळला. बैल घ्यायची ऐपत नव्हती. एके दिवशी तेल आणायला गेलो तर घाणा चालू होता. राहीने पदर कमरेला खोचून आडवे लाकूड पोटाशी घेतले होते आणि ती खांबाभोवती फिरत होती. गणपा जमिनीवर बसून करडी पुढे सारत होता. मला बघून ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरू करायला दुप्पट जोर लागला असता. मी अर्धा शेर तेल मागितले आणि ते निघेपर्यंत अंगणात उभा राहिलो. किती फेरे झाले ते मी मोजले होते. आकडा अजून लक्षात आहे, पण तो इथे लिहिणार नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी घाणा मोडला, लाकूड विकले आणि परळीकडे राहीच्या माहेरी गेले. त्यानंतर त्यांचे काय झाले मला माहीत नाही. मी पुढची दोन वर्षे त्याच कचेरीत काढली. पगार बारा रुपये होता आणि घरात खाणारी सात माणसे होती. मग घाटनांदूरला सासऱ्यांचे दुकान हाती आले तेव्हा नोकरी सोडली. तत्त्वासाठी सोडली असे मी कोणाला सांगत नाही.

नरहररावांना मी शेवटचे पाहिले ते चौसाळ्याला, बाजाराच्या दिवशी, अकरा-बारा वर्षांनी. मी मालासाठी बीडला निघालो होतो. रस्त्याकडेच्या लिंबाखाली भाड्याच्या गाडीची वाट पाहत एक म्हातारा बसला होता. गंधाची रेघ तीच. मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी मला आवाजावरून ओळखले. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता.

ते बीडहून परत चालले होते. पेन्शनीच्या कागदात त्यांच्या जन्माची नोंद जुळत नव्हती, म्हणून पाच महिने पैसे अडकले होते. "चौथी खेप ही," ते म्हणाले. "तिथला कारकून उघड हात पुढं करतो हो. तोंडानं मागतो! आमच्या वेळी असं होतं का?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. वहिनी गेल्या होत्या. करीमही गेला होता. मग त्यांनी एकदम विचारले, "तो तेली आठवतो का तुम्हाला? पाय मोडलेला?"

"आठवतो."

"मी त्याच्यावर फार विचार केला. आता रिकामा वेळ असतो. एकोणीस वर्षं तिथं आणि सात वर्षं पुढं, एवढ्या नोकरीत मी एकच चूक केली." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात हलका होता. "त्याचं तेल मी घ्यायला पाहिजे होतं. घेतलं असतं तर बांधला गेलो असतो. यादीतून नाव काढावंच लागलं असतं. मी स्वतःचं मन स्वच्छ ठेवायला गेलो आणि त्याचा घात झाला. एवढं एक घेतलं असतं तर माझ्या नोकरीला डाग नव्हता. बरोबर आहे ना?"

तेवढ्यात त्यांची गाडी आली. गाडीवानाने आणि मी मिळून त्यांना वर चढवले. बसल्यावर त्यांनी धोतर सावरले आणि पुन्हा म्हणाले, "तुम्ही आकडेमोडीतले. सांगा की, बरोबर आहे ना?"

गाडी हलली. ते मागे तोंड करून बसले होते, आणि रस्ता वळेपर्यंत त्यांचा चांगला डोळा माझ्यावरच होता, मी होय म्हणण्याची वाट बघत.